बत्तीस चित्रांत पिवळा कुठंच नाही

ताई,
मी ४३ वर्षांचा आहे. सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघतो. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो असताना रक्ताच्या रिपोर्टच्या पाठीमागं पेनानं एक वर्तुळ काढलं. शाळा सुटल्यापासून काही काढलं नव्हतं, पण त्या दिवसापासून थांबलेलो नाही. रोज पहाटे चार ते साडेसहा दाराला कडी लावून बसतो. निळी वर्तुळं, मधे बिंदू, कधी ॐ. काढताना मी नसतोच असं वाटतं. उठलो की पुन्हा सगळं तेच. माझी मुक्ती याच वाटेनं आहे अशी खात्री झाली आहे, म्हणून नोकरी सोडावी म्हणतो. बायको काही बोलत नाही, पण रात्री जागी असते. मुलगी दहावीला आहे. सत्संगातले एक ज्येष्ठ म्हणतात, चित्र ही माया, रंगात अडकू नकोस. एका गॅलरीवाल्यांनी फोटो पाहून सांगितलं, हे चित्रकार रझांसारखं दिसतं आणि सगळी एकसारखीच आहेत. चित्र बिघडलं की दोन-दोन दिवस कुणाशी बोलवत नाही, सगळंच फोल वाटतं. चित्रातून मुक्ती मिळते का? हो की नाही, एवढंच सांगा.
– एक वाटसरू, सांगली
(पत्र संक्षिप्त करून छापलं आहे.)

नमस्कार.

एवढंच सांगा म्हणालात म्हणून आधी तेच सांगते. हो. आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे, चित्रकलेवरच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या आणि सविस्तर ग्रंथांपैकी एक. त्यात स्पष्ट म्हटलंय, ‘कलानां प्रवरं चित्रं धर्मकामार्थमोक्षदम्’. सगळ्या कलांत चित्र श्रेष्ठ, ते धर्म, काम, अर्थ आणि मोक्षही देतं. सत्संगातल्या त्या ज्येष्ठांना हा श्लोक नम्रपणे ऐकवा. त्यांचा हेतू वाईट नसणार. पण रंगाला माया म्हणायचं तर टाळ, मृदंग आणि गळासुद्धा मायाच, आणि त्यांच्यावाचून तर तुमच्या सत्संगात एकही दिवस भागत नाही.

पण तो श्लोक ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ बाकी कशाबद्दल बोलतो, हे बघण्यासारखं आहे. मोक्षाचा उल्लेख तेवढ्यापुरता. अध्यायच्या अध्याय आहेत ते मापांचे. पुरुषांचे पाच प्रकार – हंस, भद्र, मालव्य, रुचक, शशक – आणि कुणाचं अंग किती अंगुळांचं. डोळे किती आकारांचे, केस किती तऱ्हांचे, भिंत लिंपायची कशी, रंग कसे सिद्ध करायचे. राजा वज्र मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी घडवायची ते विचारायला येतो. ऋषी म्हणतात, चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळायची नाही. चित्र कळायचं तर नृत्य कळलं पाहिजे, नृत्य कळायचं तर वाद्य आणि वाद्य कळायचं तर गाणं. मोक्षाची कबुली देणारा ग्रंथ माणसाला आधी केस काढायला बसवतो.

त्याच ग्रंथातलं आणखी एक वचन मला फार वर्षं पुरलं आहे, आणि तुमचं पत्र वाचताना तेच आठवत राहिलं. वाऱ्यावरच्या लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका ज्याला काढता येतात तो चित्र जाणणारा. आणि झोपलेल्या माणसात चेतना आहे, मेलेल्यात ती नाही, हा फरक ज्याला दाखवता येतो, तो चित्र जाणणारा.

तुम्ही दवाखान्यात वडिलांच्या उशाशी अकरा दिवस बसलात. हा फरक तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तुम्ही काढलं मात्र वर्तुळ.

तुमची बत्तीस चित्रं, म्हणजे त्यांचे फोटो, मी जेवणाच्या टेबलावर मांडले आणि तीन दिवस तसेच राहू दिले. घरातले सगळे ताट हातात घेऊन जेवले. चित्रांत निष्ठा आहे. हात घाबरत नाही. कडा स्वच्छ आहेत. सतरा नंबरच्या चित्रात वर्तुळाच्या खालच्या अंगाला निळा पातळ होऊन कागद श्वास घेतो, तिथं मी बराच वेळ थांबले. बाकीच्या चित्रांत वर्तुळ लगेच पुरं होतं. बघणाऱ्याला आत शिरायला वाव राहत नाही, आणि मला वाटतं काढणाऱ्यालाही राहिला नसणार.

गॅलरीवाल्यांनी ‘रझांसारखं’ म्हटलं ते तुम्हाला लागलं आहे. ते का म्हटलं असेल, ते सांगते. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात, आजूबाजूला घनदाट जंगल. शाळेत मन एका जागी ठरेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सगळं विसरून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. ही गोष्ट रझा आयुष्यभर सांगत. पण त्या ठिपक्यानंतर त्यांनी काय केलं? नागपुरात शिकले, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत होते, १९५० मध्ये फ्रान्सला गेले. काश्मीर काढलं, फ्रान्समधली खेडी काढली, घरं काढली, देवळं काढली. मग घरं विरघळली आणि नुसती रात्र, आग आणि जंगल उरलं. बिंदू त्यांच्या चित्राच्या मध्यावर ठाण मांडून बसला तो १९८० च्या सुमाराला. म्हणजे साठी जवळ आलेली. भिंतीवरच्या ठिपक्यापासून कॅनव्हासवरच्या बिंदूपर्यंत यायला त्यांना अर्धशतक लागलं, आणि ते सगळं जंगल त्या बिंदूच्या पोटात आहे. तुम्ही बिंदू घेतलात, जंगल त्यांच्याकडेच राहिलं. तुमचं जंगल वेगळं आहे.

बिंदू काढायला कुणाची मनाई नाही, तो रझांच्या मालकीचा नव्हे. माझं म्हणणं इतकंच की बिंदू, ॐ, पूजेतली यंत्रं या पोचलेल्या माणसांनी मागं ठेवलेल्या खुणा आहेत. खूण गिरवली म्हणून मुक्काम येत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे बघा. आपल्या भाषेचा माणूस. घराणं गोव्याचं, जन्म नागपूरचा, १९२४ चा, शिक्षण जे. जे. चं. झेन या बौद्ध ध्यानमार्गाचा ओढा होता, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचाही होता. इतकं सगळं आत असून चित्रात एक ॐ नाही, एक कमळ नाही. चित्रांना नावंसुद्धा नाहीत. दिल्लीत निजामुद्दीनच्या छोट्या जागेत राहून वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास व्हायचे. उरलेला वेळ? बसून राहायचं, बघायचं, थांबायचं. मग रोलरनं रंगाचा थर, त्यावर दुसरा, वर्तमानपत्राच्या फाटक्या तुकड्यांनी रंग ठेवायचा, सुरीनं थोडा काढायचा, आणि तळातला उजेड वर येईतो थांबायचं. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. २००१ मध्ये गेले. पुढं २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. त्या पैशाचा त्यांच्या जगण्याशी काही संबंध नव्हता. त्यांची साधना चित्राच्या विषयात नव्हती, ती त्या थांबण्यात होती. हे समजायला मला स्वतःला पन्नाशी उलटावी लागली.

सगळी चित्रं एकसारखी आहेत, हा गॅलरीवाल्यांचा दुसरा आक्षेप. त्याला मी फार किंमत देत नाही. माझी आजी चातुर्मासात देवापुढं रोज तेहतीस गोपद्मं काढायची. रांगोळीची चिमूट, गाईच्या खुराचे दोन अर्धगोल, मधे फट. तेहतीस, रोज, चार महिने. मी शेजारी बसून मोजायचे. एकतिसावं काढताना तिचा हात पहिल्यापेक्षा हलका झालेला असायचा, आणि तिचं लक्ष मात्र तसंच. कुणी तिला म्हटलं नाही की ही सगळी एकसारखीच आहेत. तेव्हा पुन्हा पुन्हा तेच काढणं हा दोष नव्हे. तेच काढताना बघणं थांबलं, तर मात्र चित्र थांबलं. तुमच्या पहिल्या दहा चित्रांत बघणं आहे. वीसच्या पुढं हाताला वाट पाठ झाली आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

पत्राच्या पाचव्या पानावर तुम्ही एक परिच्छेद लिहून त्यावर काट मारली आहे. पण काट एकच रेघ आहे, खालचं वाचता येतं, आणि मला वाटतं ते वाचलं जावं अशीच तुमची इच्छा होती. तुमचे वडील हळदीच्या पेठेत तोलाईदार होते. चाळीस वर्षं. नखांच्या कडांत हळद इतकी मुरलेली की दवाखान्यात नर्सनं कावीळ समजून डॉक्टरांना बोलावलं. तुम्ही म्हणालात, कावीळ नाही, तो त्यांचा धंदा आहे. गेले त्या दिवशी ओठांचा रंग गेला, कपाळाचा गेला, पण नखं पिवळीच होती. तुम्ही तुमच्या मुठीत ती बोटं धरून बसला होता.

आणि बत्तीस चित्रांत पिवळा कुठंच नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. निळा, काळा, पांढरा, एका चित्रात थोडा जांभळा. गेरूसुद्धा नाही.

तुम्ही चित्रातून मुक्ती शोधताय असं लिहिलंत. मला दिसतं ते असं, की तुम्ही चित्राच्या आड उभे आहात. त्या दिवशी डोळ्यांसमोर जे होतं ते बघवेना, म्हणून हातानं वर्तुळ काढलं. त्या क्षणी ते योग्यच होतं. माणसाला तेवढी जागा लागते, त्या वर्तुळानं तुम्हाला तेव्हा धरून ठेवलं. पण दोन वर्षं झाली. काढताना ‘मी नसतोच’ हा अनुभव खरा आहे, तो मी नाकारत नाही. आपल्या रसशास्त्रकारांनी, म्हणजे काव्यनाटकातल्या आनंदाचा विचार करणाऱ्यांनी, त्याला ब्रह्मानंदसहोदर म्हटलं आहे. सहोदर, म्हणजे एका पोटचा भाऊ. भावाचं तोंड भावासारखं असतं, पण भाऊ म्हणजे तो नव्हे. नाटक संपतं, दिवे लागतात, घरी जावं लागतं. तुम्हीही लिहिलंय, उठलो की पुन्हा सगळं तेच. अडीच तास आपण नसणं हे मोठं सुख आहे, पण ज्याच्यापासून सुटायचं ते उठल्यावर तिथंच बसलेलं असेल, तर ती सुट्टी झाली.

म्हणून वडिलांचा हात काढा. ‘हात’ नावाची काही प्रतिमा काढू नका, त्यांचाच हात काढा. आठवणीतून. उजव्या अंगठ्याचं नख, त्याची कड, कडेतला तो पिवळा, तराजूच्या साखळीनं तर्जनीला पडलेला घट्टा.

नोकरीचं. सोडू नका. निदान दोन वर्षं तरी हा विषय घरात काढू नका. ज्या निसर्गदत्त महाराजांचं नाव वर आलं, ते मुंबईत खेतवाडीला राहत आणि विड्यांच्या दुकानावर प्रपंच चालवत. गुरू गेल्यावर तेही घरदार सोडून बाहेर पडले होते. काही महिन्यांनी परत आले, आणि पुढं सगळं आयुष्य मुंबईतच, प्रपंचात राहिले. लोक देशोदेशींहून त्यांना भेटायला त्या गल्लीत यायचे. गायतोंड्यांनी लग्न केलं नाही, त्यांचा दाखला या बाबतीत तुम्हाला लागू नाही. तुमची मुलगी दहावीला आहे.

मी स्वतः वयाच्या अडतिसाव्या वर्षी शाळेतली नोकरी सोडली होती, चित्रासाठी. अकरा महिने टिकलं. नोकरी होती तोवर चित्राकडून मला काही नको होतं. सोडल्यावर प्रत्येक चित्रानं माझा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करावं अशी माझी अपेक्षा सुरू झाली, आणि कुठलंही चित्र एवढं ओझं उचलत नाही. यजमानांनी एक शब्द काढला नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्यात काय काय होतं ते मला फार उशिरा कळलं. म्हणून वहिनींचं रात्री जागं असणं मला तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सगळे ऐकत आलो. चिखल तुडवताना नामात इतके रंगले की रांगतं लेकरू पायाखाली आलं ते कळलं नाही. कीर्तनात पुढं ते मूल परत मिळतं, आणि आपण हात जोडतो. पण मी लहानपणापासून त्या आईपाशी अडकते. ती पाणी आणायला गेली होती, जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली होती. ही कथा सांगणाऱ्या संतपरंपरेनं तिचा आक्रोश गाळला नाही, हे मला त्या परंपरेचं मोठेपण वाटतं. आणि याच परंपरेतल्या तुकोबांनी देवापाशी मुक्ती मागितलेलीच नाही. मुक्ती नको, संपत्ती नको, संतसंग दे आणि खुशाल पुन्हा जन्माला घाल, असं मागितलं. आरती झाल्यावर आपण ते म्हणतो आणि विसरतो. पुन्हा याच गर्दीत यायला तयार असणं, हे कडी लावून बसणाऱ्याला कसं वाटतं ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आता एक अगदी व्यवहाराचं, आणि ते टाळू नका. चित्र बिघडलं की दोन दिवस सगळं फोल वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. पहाटे चारला उठता, म्हणजे झोप किती होते? वडील गेल्यापासून वजन किती उतरलं? मार्क रॉथको या अमेरिकी चित्रकारानं ह्यूस्टनमधल्या एका प्रार्थनास्थळासाठी चौदा मोठे काळसर कॅनव्हास केले. लोक आजही तिथं तासन्‌तास शांत बसतात, रडतात, हलके होतात. ते प्रार्थनास्थळ १९७१ च्या फेब्रुवारीत उघडलं. रॉथकोंनी त्याच्या वर्षभर आधी स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. हजारोंना शांत करणारी चित्रं ज्याच्या हातून झाली, त्याला ती वाचवू शकली नाहीत. चित्राला डॉक्टरचं काम सांगू नका. या आठवड्यात एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सांगलीमिरजेत डॉक्टरांना काही तोटा नाही. वेळ लागणार असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. साधनेत याची अडचण होत नाही.

सामानाचं सांगते. पिवळा हवा म्हणून खरी हळद कागदावर लावायचा मोह होईल, मलाही झाला असता. पण हळद उजेडात टिकत नाही. साडीवर पडलेला डाग उन्हात वाळत घातला की उडतो, तसंच. पिवडी घ्या, दुकानात यलो ऑकर म्हणून मिळते, ती शतकानुशतकं टिकते. थोडी रॉ सिएना मिसळली की जुन्या हळदीच्या जवळ जाईल. निळ्या चित्रांवर लावू नका, हिरवट होईल आणि तुमचा जीव खट्टू होईल. नवा कागद घ्या, लहान, हाताच्या पंज्याएवढा. पहिले काही दिवस फक्त अंगठ्याचं नख.

आणि घाई करू नका. हरिपूरच्या पेवांचं तुम्हीच लिहिलंय. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, वर्षानुवर्षं हळद आत राहायची. वडील सांगायचे, पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा माणसाला घेते. तोंड उघडून ठेवायचं, वारा जाऊ द्यायचा, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील तळाशी गेला आणि जळत राहिला, की मग माणूस उतरायचा, आणि तोही वर दोरी धरायला कुणी असेल तरच.

उद्या पहाटे कडी लावू नका. वहिनी जाग्याच असतात. येऊन शेजारी बसल्या तर बसू द्या.

तुमची,
ताई